साफसफाई चालू आहे

चारकोप, कांदिवली
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

प्रिय हेमांगीताई,

नमस्कार. भाऊजींनाही सांग. पत्र पाहून ते हसतील. रोज संध्याकाळी फोनवर बोलणारी मेहुणी कुरियरने पत्र का पाठवते, असं विचारतील. त्यांना सांग, रुचिराला हल्ली लिहायची हुक्की आली आहे. डायरी तर मी आधीपासून लिहितेच, त्यातलंच एक पान समज.

आमचं बरं चाललंय. श्रुतिकाची दहावीची धावपळ आहे, तुझ्या करंज्या तिने एकटीने संपवल्या. अल्पेशची पाठ पुन्हा धरली होती. मी म्हटलं, रेकीचा हात ठेवू का? तर म्हणतो, "नको बाई, तू मुलुंडला ताईंना रेकी पाठवायची लाईन सांभाळ. रेंज येते ना तिथपर्यंत, का पवईला कट होते?" श्रुतिका फिदीफिदी हसली. मीही हसले. पूर्वी मला राग यायचा.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढून गच्चीवर वाळवण घालून आलीस हे ऐकून खरंच बरं वाटलं.

आणि ते दुसरं? दोन वर्षांनी पाळी परत आली म्हणून तू फोनवर हसत होतीस, "रुचे, मी परत तरुण झाले की काय गं." त्यावर मी म्हटलं होतं, ताई, रेकी सुरू झाली की शरीर जुनं साठलेलं बाहेर टाकतं, ही साफसफाई चालू आहे. थांबलं का ते? तू परवा त्याबद्दल काही बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही.

मला वाटतं, एकदा तिकडच्याच एखाद्या बाई डॉक्टरांना दाखवून घ्यावंस. सहज. तुमच्या शेजारच्या शीतलची ओळख आहे म्हणाली होतीस ना एका डॉक्टरीणबाईंशी? काही असेल म्हणून नाही. आपण गाडीचं सर्व्हिसिंग करतो तसं.

बाकी काही विशेष नाही. थंडी अजून नाही. श्रुतिकाने तुला पापी पाठवली आहे.

तुझी,
रुचिरा


चारकोप
गुरुवार, १४ नोव्हेंबर

ताई,

पत्र मिळाल्याचा तुझा मेसेज वाचला. जोडलेले हात, आणि खाली, "शंका घेऊ नकोस गं. शंका घेतली की एनर्जी कमी होते, तूच सांगतेस ना? अजून थोडं थोडं जातंय, पण हलकं वाटतं. साफसफाई चालू आहे."

माझंच वाक्य तू मला परत पाठवलंस. ते वाचलं तेव्हा मी कंपनीच्या कँटीनमध्ये होते. हातातला चमचा खाली ठेवला आणि पुढचं जेवण तसंच टाकून उठले.

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. गाडीच्या सर्व्हिसिंगचं उदाहरण लिहून झाल्यावर मला माझीच शरम वाटली, तरी ते पान तसंच पाकिटात घातलं. फोन न करता पत्र का लिहिते आहे तेही सांगते. तुझ्याशी फोनवर बोलताना माझा आवाज बदलतो. हळू होतो, मऊ होतो. रेकीच्या क्लासमध्ये तसंच शिकवलं आहे. त्या आवाजात मी काहीही म्हटलं तरी तू शांत होतेस, हे मला ऐकू येतं. आणि तू शांत झालीस की मीही शांत होते. कागदावर तो आवाज नाही, म्हणून हे कागदावर.

ताई, मी घाबरले आहे. खूप घाबरले आहे. पाळी बंद होऊन दोन वर्षं झाल्यावर रक्त जाणं ही साफसफाई नाही. काय आहे ते मला माहीत नाही. साधंही असू शकतं, तसं बऱ्याचदा असतं म्हणे. पण ते तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, आणि मी ते हात न लावता, न बघता, इथे चारकोपमध्ये पलंगावर बसून सांगून टाकलं.

काल क्लास घेणाऱ्या सुगंधा मॅडमना बोरिवलीला जाऊन भेटले. खरं सांगू? मला वाटत होतं त्या म्हणतील, विश्वास ठेव, चालू ठेव. म्हणजे मग दोष त्यांचा झाला असता. मी सगळं सांगितलं तशा त्या खुर्चीवरून उठल्याच. "मूर्ख आहेस का तू? साफसफाई म्हणजे सर्दी होते, पोट बिघडतं, रडू येतं. रक्त? या वयात? मी स्वतः दरवर्षी सोनोग्राफी करून घेते." मी म्हटलं, मॅडम, तुम्ही क्लासमध्ये हे कधी बोलला नाहीत. तर म्हणाल्या, "हे पण सांगायचं असतं का? बीएस्सी झालीस ना तू?"

झाले ना. केमिस्ट्री घेऊन झाले आणि एवढी वर्षं इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शाम्पू आणि क्रीम तपासते आहे. एखाद्या सॅम्पलचा रंग नुसता संशयास्पद दिसला तरी मी अख्ख्या बॅचवर लाल लेबल लावते. मग प्रॉडक्शनचा प्रितम येऊन कितीही बडबडला, "मॅडम, वाट लावली तुम्ही आमची, गाडी खाली उभी आहे," तरी ते लेबल मी काढत नाही. लोकांच्या केसांसाठी मी एवढी काटेकोर आणि तुझ्यासाठी एका फोनवर पास.

अजून एक आहे. ते लिहायचं की नाही यात कालची संध्याकाळ गेली.

सप्टेंबरमध्ये आमच्याकडे ऑडिट होतं, त्या दिवशी मी तुझ्यासाठी रेकीला बसायचं साफ विसरले. घरी पोचले तर तुझा मेसेज, "आज काय जोर होता गं, पाय तापले माझे." मी तुला सांगितलं नाही. उलट त्यानंतर अधूनमधून मुद्दाम बसले नाही, बघावं म्हणून. तरी तुला जाणवायचं. आणि मी दिवा लावून, तुझा फोटो मांडीवर घेऊन अगदी मनापासून बसले, त्यातल्या काही दिवशी तू म्हणालीस, आज काही विशेष नाही.

यावरून रेकी सगळी खोटी, असं मी म्हणणार नाही. अल्पेश म्हणेल. तुझे गुडघे बरे झालेत, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझे हात गरम होतात, तेही खरं. कशाने, ते मला कळत नाही. कुणी रोज आपल्यासाठी शांत बसतं एवढ्यानेही माणसाचं दुखणं हलकं होत असेल. पण माझे हात गरम होण्याचा आणि तुझ्या पोटात काय चाललं आहे याचा संबंध मला माहीत नव्हता, आणि मी माहीत असल्यासारखी बोलले. आता वाटतं, तुला बरं वाटत होतं हेच वाईट झालं. दुखत राहिलं असतं तर तू कधीच डॉक्टरकडे गेली असतीस.

की नसती गेलीस?

आईचं काढू नये असं आपलं न बोलता ठरलेलं आहे. पण आज काढते. आईचंही असंच सुरू झालं होतं. मी कॉलेजात होते, मला कुणी काही सांगत नव्हतं. चादरी तू धुवायचीस, बाथरूमचं दार लावून. आई म्हणायची, "ह्या वयात असा होताच गो." ती गप्प बसली, मग आपण सगळे गप्प बसलो, आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा बाबांनी पेन तुझ्याकडे सरकवलं म्हणून तू केलीस. त्यानंतर ती राहिली नाही. तू तेव्हापासून म्हणत आलीस की सुरी लागली म्हणून ते पसरलं. ताई, सुरी लागायच्या आधीच ते पसरलं होतं. उशीर झाला होता. तुझ्या सहीने काही झालं नाही.

हे तुला माहीत आहे असं मला वाटतं. म्हणूनच तू त्या दिवशी फोनवर हसत होतीस. चादरी धुतलेल्या बाईला, रक्त म्हणजे काय असू शकतं, हे मी सांगायची गरज नव्हती. तू विचारायला फोन केलाच नव्हतास. मी "काही नाही" म्हणावं म्हणून केला होतास, आणि मला ते तुझ्या हसण्यात ऐकू आलं, आणि मी म्हटलं. मलाही तेच ऐकायचं होतं. आपण दोघींनी मिळून दार लावून घेतलं.

आता रागावशील अशी गोष्ट. मी दुपारी भाऊजींना फोन केला. तू त्यांना काहीच सांगितलं नव्हतंस. ते म्हणाले, "मला वाटलं, उपासांनी वाळली." शीतलशी बोलून शनिवारी सकाळची वेळ मी घेतली आहे. मी येऊन तुला घेऊन जाणार. तू दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन आणि शेजाऱ्यांना कारण सांगेन. मी सांगेन, तुला माहीत आहे.

आज संध्याकाळी मी तुझ्यासाठी बसणार नाही. तुला जाणवलं तर मात्र सांग.

रुचिरा


मुलुंड
मंगळवार, २६ नोव्हेंबर

ताई,

तू आत आहेस. मी बाहेर बाकावर आहे आणि पर्समधल्या डायरीची पानं फाडून लिहिते आहे. हे तुला घरी गेल्यावर देईन. भाऊजी चहा आणायला गेले आहेत. आल्यापासूनचा हा कितवा चहा ते विचारू नकोस, एकही प्यायला गेलेला नाही.

त्या शनिवारी तू दार उघडलंस, पण रिक्षात माझ्याशी बोलली नाहीस. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं तेव्हाही माझ्याकडे बघितलं नाहीस. मला ते चाललं. आज सकाळी मात्र हिरवा गाऊन घालून तू पलंगावर बसलीस आणि एकदम म्हणालीस, "रुचे, ठेव ना जरा हात." सिस्टर तिथेच सलाईन लावत होती. मी हात ठेवला. तू म्हणालीस, "गार पडलेत गं आज." मी म्हटलं, घाबरलेय. तू म्हणालीस, "बरं झालं बोललीस. मला वाटत होतं मी एकटीच." मग सिस्टर म्हणाली, "आजी, अंगठी काढा," आणि तू म्हणालीस, "आजी कोणाला म्हणतेस गं, मला पाळी येते अजून." ती बिचारी गोंधळली. आपण दोघी हसलो. मग स्ट्रेचर आलं.

तू हसलीस तेव्हा मला आईच आठवली. ती अशी शेवटपर्यंत हसायची. म्हणून हसण्याचा आता मला भरवसा वाटत नाही.

डॉक्टर म्हणाल्या आहेत, तुकडा काढून तपासायला पाठवतील, रिपोर्टला आठवडा जाईल. मी विचारलं, अंदाज काय? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "अंदाज सांगायची सवय मी लावून घेतलेली नाही." मला त्यांचा क्षणभर राग आला. मग वाटलं, एवढंच तर मला म्हणता यायला हवं होतं.

कालपासून मी मनात सारखं काहीतरी मागते आहे. कोणाकडे, ते विचारू नकोस. रेकीतली चिन्हं आपोआप बोटांनी गुडघ्यावर काढली जातात, मी थांबवते, परत काढली जातात. शेवटी थांबवणं सोडून दिलं. काढू देत. त्याने काही होतं का, हे मला आज सिद्ध करायचं नाही.

ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा दिवा अजून लाल आहे. भाऊजी आले, चहा घेऊन उभे आहेत, बसत नाहीत. म्हणतात, "तिला सांगा, घरी गेल्यावर मी काही विचारणार नाही, तिनेच सांगायचं." तूच सांग त्यांना.

थोड्या वेळाने तू बाहेर येशील, भूल उतरेल, आणि माझ्याकडे बघून पहिलं एकच विचारशील. "काही नाही ना गं?" तुझा चेहरा बघून माझं उत्तर बदलेल अशी मला भीती वाटते, म्हणून ते आत्ताच इथे लिहून ठेवते.

मला माहीत नाही, ताई.

तुझी,
रुचिरा