राजाने मुकुट कसा द्यावा

बडोदे, रविवार

तीर्थरूप बाबा,

सुभानपुऱ्याहून तुमच्या कौमुदीचा नमस्कार. मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, फक्त घरमालकीण मोहनामावशी वरणात गूळ जरा जास्तच घालतात. खोकला गेला, आईला सांगा.

आमच्या नाट्यविभागात इंग्लंडच्या एका राजाचं चारशे वर्षांपूर्वीचं नाटक बसतंय. राजा मीच आहे, हसू नका! त्याला भर दरबारात मुकुट उतरवून दुसऱ्याला द्यावा लागतो. मी रडून पाहिलं, ओरडून पाहिलं. नाटक बसवणारे सलीलसर म्हणायचे, "कौमुदीबेन, हे खोटं वाटतंय. कुणाला असं काही देताना पाहिलंय कधी?"

मग तुमचा रेल्वेतला शेवटचा दिवस आठवला. गार्डाचे दोन्ही झेंडे तुम्ही इस्त्रीच्या शर्टासारखे घडी करून टेबलावर ठेवलेत. क्लार्कने न बघताच ते कपाटात टाकले. तुमचा हात मात्र टेबलावर तसाच राहिला.

काल मी मुकुट पुसून दिला आणि हात तसाच ठेवला. सलीलसर म्हणाले, "बस, हेच ठेवा."

बाबा, त्या दिवशी मी शेजारी उभी राहून पेढे वाटत होते. "आता आराम करा" म्हणत होते.

आई म्हणाली, तुम्ही अजून रोज ड्यूटीचे बूट पॉलिश करता. गुडघा कसा आहे? प्रयोग बारा तारखेला आहे. तेच बूट घालून या. फक्त पहिल्या रांगेत बसू नका. तुमचे हात दिसले, तर राजाला मुकुट देता यायचा नाही.

वाट पाहणारी,
कौमुदी