वंदनाची चांदीची अंगठी

२ मे २००७, किन्हवली
वंदना समीक्षाला घेऊन मुरबाडला माहेरी गेली, त्याला बरेच दिवस झाले. हवापालट. भांडण वगैरे काही नाही. आधी माझी अळंबीची शेड बसली, मग सीडी लायब्ररी, तेव्हा जाताना ती एवढंच म्हणाली की तुमच्या हातून एक तरी गोष्ट पुरी होऊ दे. ठीक आहे. तिच्यासाठी अंगठी करणार. चांदीची. नक्षीसकट.

३ मे
मित्र प्रशांतने मुंबईहून चांदीच्या मातीचं पाकीट आणलं. मातीसारखी मळलेली चांदीची पूड. वळायची, वाळवायची, कोरायची, भाजायची. बाकीचं जळून जातं, चांदी उरते. पोरखेळ! सोबतच्या कागदावर लिहिलंय, भाजल्यावर आक्रसते, दोन साइज मोठी करा. ते फॉरेनच्या लोकांसाठी. त्यांची बोटं जाड.

५ मे, दुपार
वंदनाचं बोट म्हणजे माझी करंगळी. माप पक्कं.
पंख्याखाली माती मळता मळताच वाळली. पाणी घातलं. जास्त झालं. शेजारच्या सकुबाई डोकावून म्हणाल्या, सदा, चटणी वाटतोस का रे? उत्तर दिलं नाही. कलाकाराने देऊ नये.

६ मे
लोडशेडिंग. पंखा बंद, काम झकास. सुईने मोगऱ्याची वेल कोरली. एका फुलाला चीर गेली. बुजवली. फूल आता बटाट्यासारखं दिसतं. हाताच्या कामात तेवढं चालतं.

७ मे
वंदनाला फोन केला. सरप्राइज आहे म्हणालो. म्हणाली, आता काय नवीन काढलंत? म्हणजे उत्सुकता आहे. समीक्षाचं दप्तर, पुस्तकं आणा म्हणाली. सुट्टीतही अभ्यास! पोरगी बापावर गेली.

८ मे
गॅसवर जाळी ठेवून भाजली. पांढरीफटक झाली. घाबरलो. पितळी ब्रशने घासली, तर खरंच चांदी! नुसता बघत बसलो. जरा लहान वाटते. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

१० मे, संध्याकाळ
मुरबाडला जाऊन आलो. दप्तर दिलं. अंगठी वंदनाच्या बोटात पहिल्या पेरापुढे जाईना. ती म्हणाली, राहू द्या. मी म्हटलं, करंगळीत बघू, आणि रेटली. बसली. मग निघेना. बोट सुजलं. साबण झाला, खोबरेल झालं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, बोट उपटाल तिचं! वंदना खुदकन हसली. किती महिन्यांनी. मीही हसलो. हात हातात होताच, म्हटलं, चल ना घरी.
ती हसायची थांबली. म्हणाली, "समीक्षाचं नाव इथल्या शाळेत घातलंय. मला पन बालवाडीत काम मिळालंय. आता तुमी हळू ओढा, दुखतंय."
हळू ओढली. जमेल तितकी हळू.
तरी निघाली. तिने पदराला पुसून ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, निघा आता, एसटी चुकेल.
चुकली नाही.