तुझ्या पेशींत काय होतं

प्रिय ताई,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं, त्यावरून गैरसमज करून घेऊ नकोस. मला तुझा भयंकर राग आला आहे आणि तो फोनवर नीट मांडता येत नाही, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग मी रडते. म्हणून लिहिते आहे. स्वतः वाच. सेक्रेटरीला वाचून सारांश काढायला सांगू नकोस.

आईला तू दर रविवारी तब्येत विचारतेस आणि ती 'छान' म्हणते. ती छान नाही. जेवण निम्म्यावर आलं आहे. पोटातली कर्करोगाची गाठ अजून कुठे पसरलेली नाही, आत्ता काढली तर सगळी निघेल, असं सर्जन म्हणतात. इतकी थकली आहे, पण वर्तमानपत्रातला तुझा फोटो चिकटवायला स्टुलावर चढण्याइतकी ताकद तिच्यात आहे. तो माझ्या खोलीत, माझ्याच टेबलासमोर लावला आहे, का तर तिथे उजेड चांगला येतो. रोज चहा पिताना मला तुझं तोंड बघावं लागतं.

येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तुझा शोध समजावून सांगते. पेशीच्या दाराशी 'वाढ' असा निरोप येतो, तो एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात आत केंद्रकापर्यंत जातो, आणि माझ्या थोरलीनं मधल्या प्रथिनाचं तोंड बंद करणारं औषध काढलंय, त्यानं गाठीच्या पेशी मरतात. इतकं सोपं करून तूही भाषणात सांगत नाहीस. शेजारणीला तर पाठ झालं आहे. मग माझ्याकडे वळून विचारते, तू काय करतेस गं सध्या?

मी काय करते ते तुला माहीत आहे. माझ्या प्रयोगशाळेत तुझाच प्रयोग पुन्हा करून बघते. तू पाठवलेल्या पेशींवर तुझं औषध घातलं की त्या मरायच्या. त्याच जातीच्या पेशी पेशीपेढीतून नव्या मागवल्या, तर त्या औषध पिऊन मजेत वाढत राहिल्या. उन्हाळाभर मी स्वतःलाच दोष देत बसले. शेवटी तुझ्या पेशींत मायकोप्लाझ्मा नावाचे जंतू आहेत का, याची तपासणी केली. ठासून भरलेल्या होत्या. हे जंतू इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत, पेशी वाढवायचा द्रव गढूळ होत नाही, पेशीही जगतात, फक्त आतून अर्धमेल्या. तुझं औषध त्या अर्धमेल्यांनाच मारतं. मी त्याच पेशी साफ करून घेतल्या, तर त्याही औषधाला भीक घालेनात.

हे कुणाच्याही प्रयोगशाळेत होऊ शकतं. म्हणूनच बाकीचे लोक ठरावीक काळानं तपासणी करतात. तू करत नाहीस, कारण तुझ्याकडे पेशी खराब होतच नाहीत, असं तूच जाहीर करून टाकलं आहेस. द्रवात पेनिसिलिन घालायचं आणि निश्चिंत राहायचं. ते या जंतूंवर चालत नाही, हे तू स्वतः वर्गात शिकवतेस. तपासणी मागायची म्हणजे तुझ्या हातांवर शंका घ्यायची, म्हणून तुझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी ती मागत नाही.

मी तुला सगळे निकाल पाठवले. तू उत्तर दिलं नाहीस. मग परिषदेत कुणीतरी माझ्या निकालांबद्दल विचारलं, तेव्हा भरल्या सभागृहात तू हसून म्हणालीस की हिच्या हातून लहानपणापासून दूधसुद्धा उतू जातं. सगळे हसले. मी तिसऱ्या रांगेत होते. मीही हसले, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

आईला सांगून पाहिलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, बहिणीचं चांगलं झालेलं बघवावं गं. त्या हाताचा मला इतका संताप आला की मी चपला अडकवून बाहेर निघून गेले.

आता हे का लिहिते आहे ते सांगते. काल आईनं डॉक्टरांना परस्पर फोन करून ऑपरेशन रद्द केलं. तुझ्या औषधाची माणसांवर चाचणी होणार आहे, त्यात तिनं नाव दिलंय. घरचं औषध असताना पोट कशाला फाडून घेऊ, असं म्हणाली त्यांना. तुला कळवलेलं नाही, तुला चकित करायचं आहे. चाचणी सुरू होईपर्यंत गाठ थांबणार नाही. डॉक्टरांनी पुढच्या शुक्रवारपर्यंत तिची तारीख दुसऱ्या कुणाला न देण्याचं मला कबूल केलं आहे. माझं ती ऐकणार नाही, तेवढी सोय तू करून ठेवली आहेस. तेव्हा तूच सांग. चूक तूच शोधलीस असं जगाला सांग, चाचणी तूच थांबव, तुझ्या प्रामाणिकपणाबद्दल आणखी एखादा सत्कार होऊ दे. माझं नाव कुठेही नको. तू नाही केलंस तर हे सगळं मी जाहीर करीन, पण तोवर आईला उशीर झालेला असेल. पत्र खाली ठेव आणि तिला फोन लाव. आणि हो, आधी तब्येत विचारत बसू नकोस. ती तुझं कौतुक सुरू करेल आणि मग तुझ्या तोंडून शब्द फुटणार नाही.

नाइलाजानं तुझीच,
धाकटी