कंट्रोल कोणाकडे

प्रिय उस्ताद,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील आणि कपाळाला आठीही पडली असेल. पडू दे. मी मजेत आहे. थंडीत घोटा ठणकतो, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, बाकी खाऊनपिऊन सुखी. तुझे केस पार पिकल्याचं कानावर आलं. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

फ्लाइंग क्लबातला तो नियम आठवतो ना? शिकवणाऱ्याने विमान हातात घेताना मोठ्याने 'माझ्याकडे' म्हणायचं आणि शिकणाऱ्याने 'तुझ्याकडे' म्हणून हातपाय काढून घ्यायचे. तू मला शिकवत होतास आणि आपलं लग्नही ठरलेलं, त्यामुळे तो नियम तुझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला. 'माझ्याकडे' ऐकल्याशिवाय मी चहाचा कपसुद्धा सोडायची नाही. एकदा तू मुद्दाम गप्प राहिलास, मीही हट्टाला पेटले, आणि चहाचं पार पाणी झालं तरी आपण कप धरून हसत होतो. तुझ्या आईने दोघांनाही वेड्यात काढलं होतं.

त्या दुपारी वारा धावपट्टीला आडवा होता, डावीकडून. मी नाक वाऱ्याकडे ठेवून विमान खाली आणलं आणि चाकं टेकायच्या बेतात नाक सरळ करायला उजवं पेडल दाबलं. हवं तेवढंच दाबलं होतं, आजही शपथेवर सांगेन. तेवढ्यात ते पेडल माझ्या पायाखालून आणखी खाली गेलं. तुझ्या बाजूचं पेडल त्यालाच जोडलेलं, आणि तूही ते दाबलं होतंस. तोंडातून मात्र अवाक्षर नाही. दोघांचा जोर एक झाला, नाक गर्रकन फिरलं, चाक मोडलं आणि पंख जमिनीत घुसला. तुला साधं खरचटलंही नाही. माझा घोटा पेडलाखाली चुरडला.

चौकशीत तू म्हणालास, "मी 'माझ्याकडे' म्हणालो होतो. तिने घाबरून सोडलंच नाही." मी जीव तोडून सांगत होते की तू तोंडच उघडलं नव्हतंस. पण उस्तादापुढे शिकाऊ पोरीला कोण विचारतो? माझं उडणं बंद झालं. वर तू शहाजोगपणे इस्पितळात फळं घेऊन आलास आणि झालं गेलं विसरून जा म्हणून माझीच समजूत घालायला लागलास. चोर तो चोर, वर शिरजोर. अंगठी त्याच फळांच्या पिशवीत टाकून मी ती परत पाठवली. तुला माफ करावं असं तेव्हा वाटलं नाही, आणि नंतरही कधी वाटलं नाही.

मी फार बडबडते म्हणून तू मला टिटवी म्हणायचास. टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात. पाय बरा झाल्यावर मी दुसऱ्या गावात पहिल्यापासून सुरुवात केली. आडवा वारा सुटला की बाकीचे शिकाऊ घरी बसायचे आणि मी विमान मागायला जायची. उतरताना लोक देवाचं नाव घेतात, मी तुझं घ्यायची. पुढे मी शिकवायला लागले, आणि आता शिकवणाऱ्यांच्याच परीक्षा घेते.

तर मुद्द्याचं सांगते. तुझ्या शिकवण्याच्या परवान्याची मुदत संपत आली आहे, आणि तुझी परीक्षा मी मागून घेतली आहे. आपली जुनी ओळख इथे कोणाला माहीत नाही. दिवस मी ठरवणार, आणि वारा आडवा असेल तोच ठरवणार. परीक्षक बदलून मागायचा तुला हक्क आहे, पण त्याचं कारण आमच्या साहेबांना तोंडी सांगावं लागतं, परीक्षकासमोर. जुनं वैर आहे म्हणालास तर ते विचारतील, वैर कशाचं? तेव्हा माझ्याकडे बघून खरं काय ते सांग. नाहीतर मुकाट्याने विमानात बस. तुला नापास करायला मला खोटं बोलावं लागणार नाही. आडव्या वाऱ्यात तुझे पाय गप्प बसत नाहीत आणि तोंड उघडत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

एके काळची तुझीच,
टिटवी