मुद्दाम सोडलेल्या बाटल्या

चिखली, तालुका हवेली
रविवार, ता. ३० नोव्हेंबर १९५८

सौ. सुभद्रा हिस ज्योतीरामचे अनेक आशीर्वाद.

मी इथे खुशाल आहे. थंडीने आप्पांचा खोकला वाढला असेल, त्यांना ओट्यावर झोपू देऊ नकोस. आईचे गुडघे कसे आहेत? ठकी आता पायरी एकटी उतरते असं आप्पांनी लिहिलं होतं. पायरीचा उताराकडचा दगड हलतो, कोणाकडून तरी बसवून घे.

इकडे हरभरा फुलावर आलाय. रोज सकाळी शेतांमधून चालत चिंचवडला कारखान्यात जातो, अंधारायच्या आत परत येतो. ज्यांच्या घरी खोली घेतली आहे त्या गवराबाई वयस्कर आहेत. माझ्या तोंडासमोर येऊन ‘खाल्लं का न्हाई?’ एवढंच विचारतात. तेवढं मला ओठांवरून कळतं. दिवाळीला त्यांनी करंज्या दिल्या.

दिवाळीला मला रजा मिळाली नाही, असं मी कळवलं होतं. ते खोटं होतं. कारखाना तीन दिवस बंद होता. मी खोलीत बसून होतो.

का आलो नाही ते लिहायला आज बसलोय. दोनदा लिहून फाडलं.

अपंगांना काम मिळवून देणाऱ्या पुण्याच्या मंडळाच्या सुमनताई तुला माहीत आहेत. विहिरीच्या सुरुंगात माझे कान गेल्यावर दोन वर्षं कोणी दारात उभं करीना, तेव्हा त्यांनीच या काच कारखान्याच्या मालकांना गळ घातली. म्हणाल्या, बाटल्या तपासायला डोळे लागतात, कान लागत नाहीत. तडा असलेली, बुडबुडा असलेली बाटली उजेडात धरून बाजूला काढायची, एवढं काम. मला ते चांगलं जमलं. फोरमन मारुतराव कडक आहेत, पण तेही पसंतीने मान हलवायचे.

ताई दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी यायच्या. पाटी-पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसायच्या. त्यांच्या तोंडावर उजेड पडेल अशा बसायच्या, म्हणजे मला ओठ दिसावेत. मला बोलवायचं असेल तर पाठीवर थाप मारू नका, मेजावर दोनदा ठोका, असं त्यांनीच सगळ्यांना शिकवलं. आणि मग पाटीवर विचारायच्या, जेवण कसं होतं? झोप लागते का? घरचं पत्र आलं का? मी उत्तर देईपर्यंत थांबायच्या.

सुभद्रा, त्या सोडल्या तर महिनाभर माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. माणसं वाईट नाहीत. जेवणाच्या सुटीत सगळे गोल करून बसतात, मीही बसायचो. ते हसले की मीही हसायचो. मग कोणीतरी माझ्याकडे बघायचा आणि त्याच्या ध्यानात यायचं की मला काही कळलेलं नाही. शेवटी मी भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलो.

सप्टेंबरात ताईंनी पाटीवर लिहिलं, ‘तुमचं बस्तान बसलं. आता मी येणार नाही. तुमची फाइल बंद करते.’ त्यांना फार आनंद झाला होता. मी लिहिलं, ‘उपकार झाले.’ त्या गेल्या आणि मला विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यापासून मी तडा गेलेल्या बाटल्या चांगल्या बाटल्यांत सोडायला लागलो.

मुद्दाम. हातात धरून, तडा बघून, सोडायचो. आधी एक, मग तीन. शेवटी एका खोक्यात अकरा निघाल्या. गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. मारुतरावांनी मंडळाला कळवलं आणि सुमनताई आल्या. त्या येणार म्हणून मी धुतलेला सदरा घालून गेलो होतो. त्यांनी लिहिलं, ‘काय झालं?’ मी लिहिलं, ‘डोळ्यांना नीट दिसत नाही.’

त्या मला पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. येताना हॉटेलात चहा पाजला. सबंध दिवस कोणीतरी माझ्याशी बोलत होतं. डॉक्टर म्हणाले, डोळे लख्ख आहेत. ताई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

तुला वाईट वाटेल, परक्या बाईची मी एवढी वाट का बघत होतो म्हणून. तुझ्या मनात येईल तसं त्यात काही नव्हतं. पण वाट बघत होतो हे खरं आहे. ते तुझ्यापासून लपवलं, हेही खरं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी कारखान्याच्या फाटकाशी एक माणूस बसलेला दिसला. कुरुळीचा भैरू. कडबा कापायच्या यंत्रात त्याचा डावा हात कोपरापासून गेलाय. ताईंनी त्याचंही नाव मालकांना दिलं होतं आणि मालक कबूल झाले होते, माझं काम बघून. कारखान्याचे कारकून आबाजी यांनी मला कागदावर लिहून दाखवलं, ‘आता मालक नको म्हणतात. म्हणाले, एक बहिरा घेतला, त्याने माल बिघडवला. आता थोटा कशाला?’

भैरूला यातलं काही माहीत नव्हतं. कोणीतरी त्याला सांगितलं असेल की हा आपल्यासारखाच आहे, याला विचार. तो माझ्यापुढे आला. एकच हात नमस्कारासारखा छातीशी धरून उभा राहिला. ओठांवरून एवढंच कळलं, ‘शब्द टाका, दादा.’

मी ‘बरं’ अशी मान हलवली आणि निघून आलो. दिवाळीचे तीन दिवस मला तो हात दिसत होता. असं तोंड घेऊन मी तुझ्याकडून ओवाळून कसं घेणार होतो?

कारखाना उघडला त्या दिवशी मालकांच्या खोलीत गेलो. मारुतराव तिथेच होते. मी बोललो. माझा आवाज केवढा निघतो हे मला कळत नाही, म्हणून मी हल्ली बोलतच नाही. पण खिडकीतून दिसत होतं, शेडमधली सगळी माणसं हातातलं काम टाकून वळली होती. मी म्हणालो, “माझे डोळे चांगले आहेत. बाटल्या मी मुद्दाम सोडल्या. त्या माणसाचा काही दोष नाही.”

मारुतरावांनी कागद पुढे सरकवला. ‘का?’

मी पेन्सिल घेतली. मग लिहिलं, ‘ताई याव्यात म्हणून.’

ते त्यांनी मालकांना दाखवलं नाही. घडी करून खिशात घातलं. दोघं बराच वेळ बोलले, मला ओठ दिसत नव्हते. शेवटी ठरलं ते असं: तपासणीच्या मेजावरून मला काढलं. आता गवतात बाटल्या बांधायच्या, तेही महिनाभर बघून. माझ्या जागेवर भैरू. बाटली उजेडात धरायला एक हात पुरतो. त्याला काम मीच शिकवतोय. त्याला लिहिता येत नाही, मला ऐकू येत नाही, तरी आमचं बरं चाललंय. माझ्यामुळे त्याचं काम जात होतं हे मी त्याला खुणेने सांगितलं. दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हता. तिसऱ्या दिवशी आपल्या भाकरीवरचा ठेचा माझ्या भाकरीवर ठेवला.

सुमनताईंना सगळं कळवलं. त्यांचं कार्ड परवा आलं. लिहितात, ‘मला राग आला होता, तो आता गेला. पण मी येणार नाही. तुम्हाला बोलायला माणूस हवं आहे, आणि ते मंडळाला पुरवता येत नाही. हे तुम्ही घरी कधी लिहिलंत का?’

नाही लिहिलं. तू दोनदा विचारलंस, आम्हाला तिकडे कधी नेणार. मी लिहीत राहिलो, खोली लहान आहे. खोली लहान नाही. अक्षय्यतृतीयेला मी आलो होतो तेव्हा तू चुलीकडे तोंड करून बोलत होतीस, आणि मला काही कळत नव्हतं. मग तू बोलायचीच थांबलीस. नंतर तू आणि ठकी अंगणात हसत होतात. मला वाटलं, मलाच हसताय. ठकीचा आवाज मी कधी ऐकलेला नाही, सुभद्रा. ती हसताना कशी वाटते हे मी तुला विचारायला हवं होतं. त्याऐवजी पहाटे पिशवी उचलून निघून आलो. कारखान्यात बोलावलंय, असं आप्पांना सांगितलं. तुला तेही नाही.

तुझी काही चूक नव्हती. समोर बसून बोल, एवढं मी कधी म्हटलंच नाही.

मला वाटतं, तू ठकीला घेऊन यावंस. नोकरी महिनाभराने राहील की नाही हे माहीत नाही, ते जाणूनच ठरव. पुढच्या शनिवारी आप्पा तुम्हाला पुण्याच्या गाडीत बसवून देतील, तिथून चिंचवडची गाडी मिळते. मी दुपारपासून स्टेशनवर असेन. नाही आलीस तर मी समजेन, तरी पुढच्या गाड्याही बघेन.

उतरलीस की लांबून हाक मारू नकोस. मी पाठमोरा असलो तर जवळ ये आणि हात लाव.

तुझा,
ज्योतीराम