तोआदेरनं काय काय सोडलं

ग्लाफिरा मावशी, तुझ्या हाताचा मुका घेते. गुडघे कसे आहेत? छातीतली धडधड कमी झाली का? मी काही दिवस झोपलेले नाही, तेव्हा अक्षर वाकडं दिसलं तर रागावू नकोस (तसं ते सरळ कधी होतं?). कारण असं की तोआदेरनं आमचा पलंग मठाला देऊन टाकला. उपासापायी. आता मी आणि बाळ जमिनीवर, आणि शेजारी हा रात्रभर गुडघ्यांवर, पुटपुटत. कशी लागणार झोप?

आता उपास काय, सगळेच करतात. ईस्टरपर्यंत मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, त्यात नवीन काही नाही. पण यंदा फादर म्हणाले, ज्यात तुमचा जीव अडकलाय तिथंच सैतान दबा धरून बसतो, ते सोडा. लोकांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन घेवड्याचं कालवण ओरपलं. याच्या मात्र ते डोक्यातच बसलं. आधी दारू सोडली. सगळी आळी मला बघायला आली, जशी काही मी परत बाळंत झाले. शेजारची आंगेलीना म्हणाली, "नशीब काढलंस गं सावेता! आमचा मेला क्रुसावर हात ठेवून शपथ घेतो आणि संध्याकाळी गटारात." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग तंबाखू सुटली. मग रेडिओ सुटला (विहिरीत). मग माझा फोन, म्हणे तुझा जीव त्यात आहे. अरे, माझा जीव ना? मग मी सोडीन की! पण तोही विहिरीत.

मग उर्सू. त्या कुत्र्यावर याचा किती जीव होता तुला माहीत आहे, लग्नाच्या फोटोत माझ्यापेक्षा तोच मोठा दिसतो. म्हणाला, धनगराला दिला. परवा धनगर पाणी प्यायला थांबला आणि मलाच विचारतो, "काय वहिनी, उर्सू बरा आहे ना?" असेल, दुसऱ्या कुठल्या धनगराला दिला असेल (इकडं धनगर काही कमी नाहीत).

मी अंगावर पाजते म्हणून फादरनी मला दुधाची सूट दिली आहे. तरी गोठ्यामागं मेंढीच्या चीजचा तुकडा तोंडात टाकते तेव्हा चोरी केल्यासारखं वाटतं. एकदा यानं पकडलं. मारलं नाही, ओरडला नाही. जवळ बसून रडला आणि म्हणाला, "खा तू. तुझ्या वाटचंही मीच सोडीन." मी फादरकडं गेले, तर ते पोट धरून हसले. "पोरी, बायका नवऱ्याच्या दारूची तक्रार घेऊन येतात, तू देवभक्तीची आणलीस!" सगळं गाव म्हणतं, तोआदेर संत झाला. तर मावशी, असं आमचं मजेत चाललंय. काळजी करू नकोस.

तुझी सावेता

ता.क. वाळवलेल्या अळंब्या असतील तर पाठव.

आणखी ता.क. हे मावशीला जो कोणी वाचून दाखवत असेल त्याच्यासाठी. इथून पुढं मोठ्यानं वाचू नका, तिचं काळीज कमकुवत आहे. शुक्रवारी फादरनी अब्राहामाची गोष्ट सांगितली, तो देवाला बळी द्यायला पोराला घेऊन डोंगरावर जातो ती. सुरा वर उचलला, एवढं ऐकलं आणि तोआदेर उठून बाहेर गेला. पुढचं त्यानं ऐकलंच नाही. तेव्हापासून बाळाला, गाव्रिलला, कडेवरून खाली ठेवत नाही. फक्त पाजायला देतो आणि समोर उभा राहतो. त्याचे पाय चुंबतो, माफी मागतो. आज म्हणाला, रविवारी याला लोकरीचं घाल, टेकडीवर गार वारा असतो. मी सांगितलं, अरे, शेवटी देवदूत थांबवतो त्याला, पोराच्या जागी बळी द्यायला झुडपात मेंढा असतो! तर म्हणाला, "हे सैतान तुझ्या तोंडून बोलतोय."

बाळ त्याच्या हातात, मी पळू कशी? पाववाला त्याचा दोस्त आहे, सांगितलं तर हसेल. पत्र मात्र नेईल. माझ्या भावाचा, ग्रिगोरेचा, नंबर मावशीच्या दारामागं खडूनं लिहिलेला आहे. त्याला सांगा, शनिवारीच ये, गाडी घेऊन, आणि एकटा येऊ नकोस. आमच्या टेकडीवर मेंढा-बिंढा काही येत नाही. त्याला फोन करा.