उस्ताद इमानबेकना मी अखेर प्रत्यक्ष ऐकलं

आतबाशी,
गवतकापणी संपल्यानंतरचा आठवडा

आदरणीय बुरूलताईस,

धाकट्या एसेनगुलचा वाकून सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला ओशच्या उबेत तरी हटला का? मुलं, कोंबड्या आणि जर्दाळूची झाडं खुशाल असोत. इकडे तुझी भावजय उमसुनाय ठीक, गुरं ठीक, गवतही हिवाळ्यापुरतं झालं. खुशाल नाही तो एकटा तुझा भाऊ. सकाळी उठून घोड्यांना इंजेक्शनं देतो आणि हल्ली घोडेच माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात.

उन्हाळी कुरणावरचे आपले दिवस तू विसरली नसशील. बाबा तंबूच्या दाराशी रेडिओ टांगायचे, आणि उस्ताद इमानबेक यांचं कोमुझ सुरू झालं की धार काढतानासुद्धा कोणी तोंड उघडायचं नाही. (तू उघडायचीस. मग बाबा तुला बादलीसकट ओढ्यापलीकडे पाठवायचे.) नुसत्या तीन तारा, पण मला वाटायचं, डोंगराआडून घोड्यांचा अख्खा कळप उतरतोय. तेव्हापासून या माणसाला एकदा समोर बसून ऐकायचं, एवढीच इच्छा धरून मी म्हातारा होत आलो. ते नारिनला आले तेव्हा वरच्या वस्तीत घोडी अडली. बिश्केकला जायला निघालो तेव्हा मेंढ्यांत खुरकत आली. (उमसुनाय म्हणते, मीच अपशकुनी. जनावरांचं काहीही म्हणणं नाही.)

आणि ताई, गेल्या रविवारी काराकोयूनच्या सुयुंबायची साठी झाली. मेजवानीला उस्ताद येणार! मी नवा कल्पाक डोक्यावर चढवला, दाढी दोनदा केली आणि सगळ्यांच्या आधी जाऊन पोचलो. तिथेच घात झाला. लवकर आलेला डॉक्टर म्हणून सुयुंबायने मला मानाच्या जागी बसवलं, आणि मानाच्या जागेची पाठ नेमकी मंचाकडे होती. मी म्हटलं, मला कोपऱ्यात बसू दे. तो म्हणाला, "डॉक्टर, माझी गावात अब्रू घालवताय का?" बसलो. समोर उकडलेल्या मेंढ्याची मुंडी आली. आता मुंडी ज्याच्यापुढे येते त्याने ती कापून सगळ्यांना वाटायची, हे टाळता येत नाही. आणि मी सुरी हातात घेतली तेवढ्यात मागे कोमुझ सुरू झालं. तीच धून, कळपाची! मी एका हाताने कान कापतोय, माझे कान मागे लागलेत, समोर माणसं वाट्याची वाट बघतायत, आणि शेजारची म्हातारी बाही ओढून विचारतेय, "डॉक्टर, आमची गाय उजव्या कुशीवरच बसते, काही वाईट तर नाही ना?" मी म्हटलं, "मावशी, आत्ता मीच वाईट आहे." ती म्हणाली, "तरीच. चेहरा सुजलाय तुमचा." एवढ्यात सूत्रसंचालकाने शुभेच्छांसाठी माझंच नाव पुकारलं. किमिझचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा हातात घेऊन मी उभा राहिलो, पाठीमागे ती धून, आणि मी सुयुंबायच्या दातांना दीर्घायुष्य चिंतलं. (का, ते विचारू नकोस. मला समोर तेवढेच दिसत होते.)

बसताना मात्र मी लाज सोडून मागे वळलो. मंचावर उस्ताद! पांढरी दाढी, फोटोतलाच रुबाब. आणि ताई, त्यांनी उजव्या हाताने खिशातून रुमाल काढला, शांतपणे नाक पुसलं, रुमाल परत ठेवला. धून चालूच. एक सूर इकडचा तिकडे नाही. कोमुझवाले हात हवेत फिरवतातच, त्यामुळे लोकांना ही नवी करामत वाटली. टाळ्या पडल्या. मला मात्र कळलं. ते रेडिओवरचंच जुनं ध्वनिमुद्रण होतं. जन्मभर जे घरी बसून ऐकलं तेच ऐकायला मी दाढी दोनदा करून आलो होतो!

धून संपताच मी तडक मंचामागे गेलो. उस्ताद ट्रकच्या सावलीत पालथ्या बादलीवर बसले होते. चांगलं सुनवायचं ठरवलं होतं, पण माझ्याआधी तेच बोलले.

"तुम्हीच ना ते डॉक्टर?"

"घोड्यांचा."

"मग बरं. माणसांच्या डॉक्टरांनी हात टेकलेत." आणि त्यांनी उजवा पंजा माझ्यापुढे धरला. सांधे अक्रोडासारखे सुजलेले, अंगठा वळतच नव्हता. मी सवयीने तो गुडघ्यावर घेऊन दाबून पाहिला. (खूर बघतात तसा.)

"दुखतं?"

"दुखायचं जाऊ द्या. लोक जेवत असतात हो. यंत्र चुकत नाही, मी चुकतो."

"मी जेवत नव्हतो," मी म्हणालो. "वाजवा."

त्यांनी कोमुझ उचललं. ताई, काय सांगू! लंगडा घोडा दगडांतून चालावा तसं. निम्मे सूर गळालेले, मधेच थांबून 'श्' करत बोट चोळायचं, पुन्हा तिथून सुरू. तो कळप डोंगराच्या अलीकडे काही आला नाही. मी ढसाढसा रडलो. त्यांना वाटलं आनंदाने. मलाही नक्की सांगता येत नाही. तेव्हापासून मी रेडिओ लावलेला नाही. जगात आता ऐकण्यासारखं काही उरलं नाही, असं समज.

भावोजींना सलाम, मुलांना माझ्या वतीने गालगुच्चे.

तुझा हताश भाऊ,
एसेनगुल

ता. क. – निरोप घेताना मी उगाच बोलून गेलो की माझ्याकडे घोड्यांच्या सांध्यांचं एक मलम आहे, कधी या. ते दुसऱ्याच दिवशी आले. गादी घेऊन. अजून इथेच आहेत. चुलीजवळची माझी जागा त्यांची झाली, शेवयांच्या रश्शाचा पहिला वाडगा त्यांचा, आणि घोरणं असं की कुत्रा शेजाऱ्यांकडे राहायला गेला. कोमुझला हात लावत नाहीत. उमसुनाय त्यांना 'बाबा' म्हणते, म्हणजे आशाच संपली. खरं तर त्यासाठीच हे पत्र. तुमची वरची खोली रिकामी आहे ना? 'ओशची हवा सांध्यांना उत्तम, हिवाळ्याला या,' असं तुझ्या अक्षरात त्यांना दोन ओळी लिही. मी सुचवलं हे कळू देऊ नकोस.

ता. ता. क. – त्या दोन ओळी लिहू नकोस. पाकीट चिकटवणार तोच गोठ्याकडून कोमुझ ऐकू आलं. तीच धून, त्याच जागी अडली, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा अडली. उमसुनाय हातात पळी घेऊन उभी, दूध उतू गेलं तरी हलली नाही. मी गेलो तर उस्ताद घोडीसमोर बसलेले. म्हणाले, "हिला जेवायला घालू नका जरा. ऐकतेय." तिची वैरण मी बाजूला केली आणि तिच्या शेजारी उभा राहिलो. वरची खोली खुशाल भाड्याने द्या म्हणावं भावोजींना.